फाउंटन पेन आणि कॅलिग्राफी: कमी पैशात सुरुवात

सगळ्यात आधी एक गोष्ट, लगेच महागडं पेन घेऊ नका. साधं शाईचं पेन आणि कॅमलची निळी दौत एवढ्यावर महिनाभर मजेत निघतो. पेन बॉलपेनसारखं उभं धरून दाबायचं नाही, थोडं तिरकं धरून नुसतं सरकवायचं, शाई आपोआप उतरते, जोरात दाबलं की निबचे दोन पाय फाकतात आणि मग पेन कायमचं खरखरू शकतं. आणि हो, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनात भरू नका प्लीज, मी भरली होती, फीड (निबखालचा, शाई निबपर्यंत आणणारा भाग) असा चिकटला की पेन गेलंच.

देवनागरी कॅलिग्राफीला मात्र साधं निब चालत नाही, चपटं टोक लागतं. बोरू (टोक तिरकं छाटलेली काडीची लेखणी) मिळाला तर उत्तम, नाहीतर आइस्क्रीमची काडी घ्या, टोक ब्लेडने तिरकं छाटा आणि शाईत बुडवा, झाला बोरू! टोक रेघेशी साधारण 45 अंशांत ठेवायचं आणि हात वळला तरी हा कोन बदलायचा नाही, जाड-बारीक वळण त्यातूनच येतं. पहिले काही दिवस नुसत्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि अर्धगोल, कंटाळा येतो पण करा. मग ग, म, न, र, व. 'क्ष' आणि 'ज्ञ'च्या नादी इतक्यात लागू नका.

वहीत शाई फुटली तर दोष बहुतेक वेळा हाताचा नाही, कागदाचा. पेन पंधरा दिवस पडून राहणार असेल तर साध्या पाण्याने धुऊन ठेवा.