जहाजावरून उतरलात, आता समुद्र शिकवायचा आहे?

शिडाच्या जहाजावर कप्तानकी केलेला माणूस शिकवायला लागला की पहिल्याच दिवशी नकाशे उलगडतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी कागद बाजूला ठेवा. आपल्या नौदलाची 'तरंगिणी' बघा. गोव्यात बांधलेलं, १९९७ साली नौदलात आलेलं, २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेलं जहाज. तीन डोलकाठ्या, वीस शिडं. कॅडेटना तिथे पाठवतात ते हातांनी समुद्र शिकायला.

सुरुवात वाऱ्यापासून करा. मुलांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही गालांवर वारा सारखा लागेपर्यंत मान फिरवायला लावा. मग डोळे उघडून झेंड्याकडे बघू द्या.

डोलकाठीवर चढवताना अजिबात घाई नको. हार्नेस स्वतः तपासा. नेहमी वाऱ्याकडच्या बाजूनेच चढवा. जहाज पलीकडे कललेलं असतं, त्यामुळे चढ सोपा होतो आणि वारा मुलाला दोरशिडीवरच दाबून धरतो. पाय आडव्या पायऱ्यांवर, पण हात मात्र उभ्या दोरांवर. पायरी झिजून तुटू शकते, उभ्या दोरांवर तर अख्खी डोलकाठी तोललेली असते. परबाणाखालच्या, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीखालच्या, पायदोरावर पाऊल टाकण्याआधी मोठ्याने ओरडून सांगायचं, कारण तुमचं वजन पडलं की तिथे आधीपासून उभ्या असलेल्यांच्या पायाखालचा दोर हलतो. मला ही शिस्त सगळ्यात प्रिय आहे. कुणी अर्ध्यावर थांबलं तर खालून ओरडू नका. त्याला शांतपणे उतरू द्या, डेकवर दोरांचं काम द्या, उद्या पुन्हा विचारा.

जहाज हाताशी नसेल तर जेट्टी पुरते. भरतीचं पाणी कुठवर चढलं त्याची खूण मुलांकडून रोज भिंतीवर खडूने करून घ्या, शेजारी वेळ लिहायला लावा. वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यांचं त्यांनाच सापडेल. मगच कोकणातला जुना हिशेब सांगा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तो मुलांनीच आपल्या खुणांवरून काढावा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, तर भिंतीवर दिसतोच.

हे झालं की गावातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या खलाशांच्या म्होरक्याला, वर्गावर बोलवा. मानधन द्या. खुर्ची त्यांना द्या, आपण मुलांमध्ये बसा, आणि ते बोलत असताना मध्ये दुरुस्त्या सुचवू नका.