फवारणी थांबवा, आधी झुरळांची जागा शोधा

रात्री पाणी प्यायला उठावं, दिवा लावावा आणि ओट्यावरून पाच-सहा झुरळं गॅसमागे पळावीत, हे आमच्याकडे फवारणी करूनही चालूच होतं. दर तीन महिन्यांनी डबे झाकायचे, वास जाईपर्यंत मुलांना घेऊन खाली बसायचं. आठ-दहा दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. फवारा फटीच्या तोंडाशी थांबतो, आणि आत मादी अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर पडायच्या बेतापर्यंत अंगाशी बाळगून बसलेली असते. एका कुपीत ३० ते ४० अंडी.

आधी झुरळ ओळखा. फिकट तपकिरी, दीडेक सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेलं ते जर्मन झुरळ. ते स्वयंपाकघरातच वाढतं. मोठं तांबूस झुरळ बहुधा ड्रेनेजमधून वर येतं. मोरीला बारीक जाळी बसवली की त्याचं बरंचसं भागतं. पुढचं सगळं लहान झुरळासाठी.

काचेच्या तीन-चार बरण्या घ्या. आतून काठाला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, तळाशी पावाचा तुकडा टाका, बाहेरून कागद चिकटवा म्हणजे झुरळाला चढता येईल. एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक ट्रॉलीत, एक गॅसच्या शेगडीजवळ ठेवा. सकाळी मोजा. ज्या बरणीत बारीक पिल्लं जास्त, वस्ती तिच्या आसपास. आमच्याकडे ती फ्रिजच्या मोटरजवळ निघाली: उबदार, अंधारी, खाली ट्रेमध्ये पाणी. मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके, म्हणजे त्यांची विष्ठा, दिसले की समजा, जागा सापडली.

आता पाणी तोडा. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्याविना तेवढं नाही. गळका नळ दुरुस्त करा, झोपण्याआधी सिंक पुसून कोरडं करा, ओलं फडकं बाहेर वाळत घाला. किराण्याची पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नका. पुठ्ठ्याच्या थरांमधल्या पोकळ्यांतून झुरळं येतात. गॅसच्या आणि पाण्याच्या पाइपभोवतीची भोकं पांढऱ्या सिमेंटने, ओट्याच्या फटी सिलिकॉनने बुजवा.

त्यानंतर औषध, तेही थेंबाथेंबाने. झुरळं मारायच्या विषारी जेलचे मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांच्या आत आणि फटींच्या तोंडाशी लावा. जेल खाल्लेलं झुरळ आत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर इतर झुरळं खातात, म्हणजे औषध आपोआप आतवर पोचतं. मात्र त्या जागी स्प्रे किंवा झुरळांचा खडू वापरू नका. वासाने झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. कणिक, साखर आणि बोरिक पावडरीच्या गोळ्या पूर्वापार चालत आल्यात, कामही करतात. पण रांगतं मूल किंवा मांजर असेल तर त्या करूच नका. पोटात गेलं तर बोरिक विषारीच. शिवाय तो खडू मुलांना पाटीच्या खडूसारखाच दिसतो, म्हणून माझ्या मते तो घरात नकोच.

डक्टला लागून असलेल्या वरच्या-खालच्या घरांनीही त्याच आठवड्यात हे करावं. पाइपच्या वाटेने झुरळं घरं बदलतात. जिन्यात एकदा बोलून घ्या.

महिन्याने बरण्या पुन्हा त्याच जागी ठेवा. पिल्लं असतील तर जेलचे वाळलेले ठिपके खरवडून नवे लावा, आणि अजून महिन्याने पुन्हा मोजा.