प्रागचा ओल्ड टाऊन स्क्वेअर घाईत नका बघू (नागपूरकरांसाठी)

मेच्या सुट्ट्यांत प्रागला चालले असाल तर एक सांगतो, ओल्ड टाऊन स्क्वेअर हा टाऊन हॉलवरचं जुनं, प्रसिद्ध घड्याळ बघून निघून जायचा चौक नाहीये. टूरवाले ठोक्याच्या वेळेला तिथं उभं करतात, व्हिडिओ झाला की चला पुढे, आणि अख्खा चौक पाठीमागेच राहून जातो.

सकाळी सातलाच पोहोचा, मेट्रोची ए लाईन, स्टेशन स्तारोमेस्त्स्का, तिथून थोडंसंच पायी. आपल्याकडे ४५ डिग्री असतं म्हणून जॅकेट घरी ठेवू नका, तिथली सकाळ गार असते, आणि खाली दगडी फरशी आहे तर बूटच घाला.

आधी मधोमध उभं राहून इमारतींची वयं ओळखायची. दोन काळे टोकदार मनोरे दिसतात ते टीन चर्च, गॉथिक म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार शैलीचं, उंची ८० मीटर, आणि नीट पाहिलं तर उजवा मनोरा डाव्यापेक्षा जाड आहे, लोक त्यांना आदम आणि इव्ह म्हणतात. चर्चसमोर घरं आहेत त्यामुळे दरवाजाच सापडत नाही, त्या घरांच्या कमानींतून आत जायचं. आत टायको ब्राहेची कबर आहे, तोच ग्रहांच्या जागा मोजणारा खगोलशास्त्रज्ञ, १६०१ मध्ये प्रागलाच वारला. बाजूला दगडी घंटेचं घर, गॉथिकच, पण कितीतरी काळ नंतरच्या, बरोक शैलीतल्या प्लास्टरखाली झाकलेलं होतं, विसाव्या शतकात प्लास्टर काढलं तेव्हा खरं रूप दिसलं. त्याला लागूनच गुलाबी-पांढरा किन्स्की पॅलेस, १८ व्या शतकातला. म्हणजे चार पावलांत चारेकशे वर्षं, मला तर हा कोपरा घड्याळापेक्षा जास्त आवडतो.

जेवायला तळघरातलं हॉटेल मिळालं तर नक्की जा, व्लताव्हा नदीच्या पुरामुळे इथली जमीन भर घालून उंच केली, त्यामुळे काही जुन्या घरांचा तळमजला आज तळघर झालाय!

आता घड्याळ. १४१० चं आहे, ९ वाजताचा पहिला खेळ बघा, गर्दी कमी असते. उजवीकडचा सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित, म्हणजे येशूच्या शिष्यांचे पुतळे, फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळे वर बघत असतात तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मग टाऊन हॉलच्या बाजूला खाली बघा, फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत, २१ जून १६२१ ला इथं २७ जणांना देहदंड दिला होता. त्यांच्यावर पाय देऊ नका भाऊ.

आणि आपण झिरो माईलवाले, तर हे चुकवायचंच नाही, चौकातल्या मदर मेरीच्या खांबाजवळ फरशीत धातूची पट्टी आहे, प्रागची रेखावृत्त रेषा, म्हणजे उत्तर-दक्षिण रेघ. खांबाची सावली तिच्यावर आली की दुपार झाली, असं पूर्वी शहराची वेळ ठरायची. खांब १९१८ मध्ये पाडला होता, २०२० मध्ये परत उभा केला. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात म्हणून १२ ला नाही, १ च्या जरा आधी जाऊन उभे राहा आणि सावली पट्टीवर येईपर्यंत हलू नका.