रब्बीचं ठरवायच्या आधी विहिरीत टेप सोडा

पाऊस सरलाय, विहिरी वरपर्यंत भरल्यात म्हणून लगेच उन्हाळी भुईमुगापर्यंतचा प्लॅन करू नका. मोटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी टेपला वजन बांधून सोडा आणि जमिनीपासून किती फुटावर पाणी आहे ते वहीत तारखेसकट लिहा. भूजल सर्वेक्षणवाले पण निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशा चारदा मोजतात, आपण तेच महिने धरले तर ताडून बघता येतं.

शेजाऱ्याला ४० फुटावर पाणी लागलं म्हणून आपल्यालाही तिथंच लागेल हे डोक्यातून काढा. राज्याचा ८० टक्क्यांच्या वर भाग बेसाल्टचा, थरावर थर, आणि पाणी राहतं ते मुरमात, फटीत नाहीतर झिजलेल्या मांजऱ्यात (पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा बेसाल्ट), मध्येच फटी नसलेला काळा पाषाण आला की शंभर फूट मारा तरी नुसता फुफाटा. माथ्यावरच्या रानात पातळी लवकर उतरते, नाल्याकाठी उशिरापर्यंत टिकते. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात हे गणित सगळंच वेगळं, आणि खारपाणपट्ट्यात तर पाणी लागलं तरी तपासून घेतल्याशिवाय पिकाला देऊ नका.

पातळीइतकीच आवक बघा. मोटर चालवून पाणी खाली घ्या आणि परत भरायला किती तास लागतात ते बघा, माझ्या मते पीक ठरवायला हाच आकडा जास्त कामाचा. आवक मंद असेल किंवा पातळी मागच्या ऑक्टोबरपेक्षा खाली असेल तर ज्वारी, हरभरा, करडई घ्या, गव्हाचं क्षेत्र कमी करा, नवीन ऊस तर नकोच. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात अन मगच पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, म्हणून टिकलंय ते गाव.

कर्ज काढून ५०० फूट बोअर मारायच्या आधी थांबा भाऊ. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलेली विहीर खोल विहीर धरलीय ते उगाच नाही, तेवढ्या खालचं पाणी बऱ्याचदा जुनं साठलेलं असतं, एका पावसाळ्यात परत भरत नाही.

जुना बोअर रिचार्ज करायचा असेल तर खड्डा आत्ता कोरड्यात घ्या, दगड, खडी, वाळूचे थर नीट भरा. शेतातलं गढूळ पाणी थेट केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपात) सोडू नका, एकदा फटी गाळानं बुजल्या की तो बोअर गेलाच समजा.