उपकेंद्राचा वाहतूक-अभ्यास करताय? आधी मोजणीचा महिना ठरवा

सांगली जिल्ह्यातल्या एका २२० केव्ही उपकेंद्रात आणखी एक ट्रान्सफॉर्मर बसणार होता. त्याचा वाहतूक परिणाम अहवाल हे माझं पहिलं स्वतंत्र काम. उपकेंद्र चालू झालं की पाळीचे दोन-चार ऑपरेटर दुचाकीवरून येतात-जातात, तेवढंच. म्हणून नवख्याला वाटतं, इथे कसला आलाय परिणाम? तो बांधकामाच्या महिन्यांत असतो, आणि मी तिथेच चुकलो.

मी ऑगस्टमध्ये मोजणी केली. फाट्यावर दोन पोरं बसवली, पीसीयू (म्हणजे प्रत्येक वाहन किती कारइतकं, ते माप) काढले, रस्ता मोकळा दिसला, अहवाल दिला. काम सुरू झालं डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात. त्याच रस्त्यावर आता उसाचे ट्रॅक्टर, मागे जोडट्रॉल्या. आयआरसी ६४, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका, ट्रॉलीसह ट्रॅक्टरला ४.५ पीसीयू धरते, कारला १. म्हणजे दहा ट्रॅक्टर गेले की पंचेचाळीस गाड्या. पण हा आकडाही अपुरा आहे. भरलेला ट्रॅक्टर अरुंद डांबरीवर बाजू देऊच शकत नाही, साइडपट्टीवर चाक उतरलं तर ट्रॉली उलटते. समोरून मुरमाचा हायवा (मोठा डंपर) आला की दोन्हीकडे रांग, आणि शाळेची मुलं सायकली घेऊन त्यातूनच वाट काढायची. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: काम कोणत्या महिन्यांत आहे? त्याच महिन्यांत मोजा. जमत नसेल तर कारखान्याच्या शेती खात्यातून रोजच्या खेपा घ्या आणि आपल्या आकड्यात मिळवा. गावचा स्लिपबॉय, म्हणजे तोडीच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस, कुठली तोड कधी, कुठल्या रस्त्याने निघणार ते तोंडपाठ सांगतो. बाजाराचा वार आणि जत्राही विचारून घ्या.

मुरमाचा हिशेबही नीट करा. १,२०० ब्रास, हायवात ४ ब्रास, म्हणजे ३०० खेपा. पण रिकामा हायवा परतही जातो, रस्त्यावर ६०० वेळा गाडी.

ट्रान्सफॉर्मर तेल काढून हायड्रॉलिक अॅक्सलच्या ट्रेलरवर येतो. हमरस्त्याची काळजी करणारे पुष्कळ असतात. शेवटच्या दोन किलोमीटरमधली जुनी मोरी मात्र कुणाच्याच कागदावर नसते. खाली उतरून तिचा दगड बघा. विद्युतीकरण झालेलं रेल्वे फाटक वाटेत असेल तर तिथली उंचीची कमान ४.६७ मीटरवर असते.

एखादा सिनियर जुना अहवाल पाठवून म्हणेल, नावं आणि आकडे बदल. नका करू. असा माणूस मार्गदर्शक नाही, मग त्याचा अनुभव वीस वर्षांचा का असेना. सूत्रांना, सॉफ्टवेअरला घाबरू नका. ते दोन-तीन कामांत हातात बसतं, माझंही बसलं.

त्या कामात शेवटी आम्ही शाळा भरताना आणि सुटताना हायवा बंद ठेवले आणि बाजू द्यायला तीन ठिकाणी साइडपट्टी भरून घेतली. ठेकेदार चिडला होता. पण ते ऑगस्टच्या अहवालातच लिहिलेलं असतं तर निविदेत आलं असतं.