अमेरिकेत फिश अँड चिप्स खाताय? या चुका टाळा

भारतातून आलेल्या पाहुण्यांना अमेरिकेच्या कुठल्याही समुद्रकिनारी नेलं, की पहिल्याच दुपारी फिश अँड चिप्स, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी, मागवले जातात. मासे खाऊन वाढलेली आपली माणसं मोठ्या आशेने बसतात आणि बऱ्याचदा हिरमुसून उठतात. "मासा फिका, वर नुसतं पीठ, आणि बिल बघ किती!" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की शेवटी हे लिहायला बसले. इथे उत्तम फिश अँड चिप्स मिळतात. माझ्या दृष्टीने ताज्या सुरमईच्या तुकडीशेजारी मानाने बसावेत इतके उत्तम. फक्त ते बोर्ड बघून सापडत नाहीत, विचारून सापडतात.

माशाचं नाव न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कोळणीकडे जाऊन "मासा द्या" असं कोणी म्हणतं का? पापलेट, रावस, बांगडा, नाव घेतल्याशिवाय आपण पिशवीसुद्धा पुढे करत नाही. इथे मात्र मेन्यूवर नुसतं "फिश" किंवा "व्हाइट फिश" वाचून ऑर्डर देऊन टाकतो. जिथे नाव लिहिलेलं नाही, तिथे बहुतेकदा अलास्का पोलॉक असतो, नाहीतर व्हिएतनामच्या तळ्यांत वाढवलेला स्वाई. पोलॉक वाईट नाही, पण तुकडी पातळ असते आणि चव बेताची. कॉडचे, म्हणजे थंड समुद्रातल्या त्या नावाजलेल्या पांढऱ्या माशाचे, पैसे देऊन तो खाण्यात अर्थ नाही.

नावांतही गोंधळ आहे. लिंगकॉड हा कॉड नाही. पश्चिम किनाऱ्यावर ज्याला रॉक कॉड म्हणतात तो रॉकफिश, तोही कॉडच्या घरातला नाही. ब्लॅक कॉड म्हणजे सेबलफिश, लोण्यासारखा तेलाळ मासा. यातला एकही टाकाऊ नाही. लिंगकॉड तर मला तळणीसाठी कॉडपेक्षाही आवडतो, घट्ट आणि पांढराशुभ्र. फक्त आपण काय खातोय ते माहीत हवं. कॅटफिशच्या बाबतीत तर २००२ साली कायदाच झाला: अमेरिकी कुळातल्या माशालाच इथे कॅटफिश म्हणायचं. म्हणून व्हिएतनामचा मासा स्वाई, बासा अशा नावांनी विकला जातो.

प्रश्न सोपा आहे: "आज मासा कोणता आहे आणि कुठून आलाय?" चांगल्या ठिकाणी पोरगेला वेटरसुद्धा चटकन उत्तर देतो. ज्याला माहीत नसतं पण जो आत जाऊन विचारून येतो, तिथेही मी बसते. जो "फिश इज फिश" म्हणून मोकळा होतो, तिथे मी सूप घेते.

सगळीकडे कॉडच मागणं

मूळ पदार्थ ब्रिटिश, त्यामुळे कॉड म्हणजेच खरं, असं डोक्यात बसलेलं असतं. पण अमेरिका केवढी! प्रत्येक भागाचं पाणी वेगळं, मासा वेगळा.

बॉस्टन आणि मेन राज्याकडे असाल तर हॅडॉक घ्या. तिथल्या समुद्रातला कॉड बेसुमार मासेमारीने आटला. आज बॉस्टनमध्ये ताटात येणारा कॉड बहुतेक वेळा आइसलंड किंवा नॉर्वेहून आलेला असतो. हॅडॉक मात्र अजून तिथलाच मिळतो, चवीला किंचित गोडसर, आणि काटेचमचा लावला की नाजूक पाकळ्या सुटतात.

सिएटल आणि ऑरेगन म्हणजे या पदार्थाचं अमेरिकेतलं माहेरच म्हणा. सिएटलच्या पियर ५४ या धक्क्यावर आयव्हार हॅगलंड या हौशी माणसाने १९३८ साली मत्स्यालय उघडलं आणि बघायला येणाऱ्यांसाठी शेजारी फिश अँड चिप्सचा काउंटर टाकला. मत्स्यालय गेलं, आयव्हार्स राहिलं. त्याच शहरात अल्की बीचवर स्पड हे दुकान १९३५ पासूनचं. या पट्ट्यात हॅलिबट, पॅसिफिक कॉड, लिंगकॉड, रॉकफिश, काहीही विचारा. हॅलिबटचा हंगाम साधारण मार्चपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. मेन्यूवर त्याच्यापुढे आकडा नसून "मार्केट प्राइस" लिहिलेलं असेल, तर भाव आधी विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, बाजारात आपण विचारतोच.

ऑरेगनच्या अस्टोरियात बोपिकर नावाची गाडी आहे. गाडी कसली, चाकांवर ठेवलेली जुनी मासेमारीची होडीच ती. तिथे कॉड नाही, हॅलिबट नाही, फक्त अल्बाकोर ट्यूना, बिअर घातलेल्या पिठात बुडवून तळलेला. आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. होडीवरच्या खिडकीतून पुडा हातात आला, आणि पहिला तुकडा मोडल्यावर आत पांढऱ्याऐवजी फिकट गुलाबी करडं, घट्ट मांस दिसलं. ट्यूना म्हणजे डब्यातला कोरडा भुसा, ही माझी समजूत त्या फुटपाथवर मोडली.

विस्कॉन्सिनमध्ये गेलात तर शुक्रवार चुकवू नका. तिथे शुक्रवारी मांस न खाण्याच्या कॅथलिक रिवाजातून "फ्रायडे फिश फ्राय" ची परंपरा रुजली आहे. पबपासून चर्चच्या तळघरापर्यंत सगळीकडे मासे तळले जातात. तिथे फ्राइजऐवजी बटाट्याची धिरडी मागा आणि मासा यलो पर्च किंवा वॉलाय. दोन्ही गोड्या पाण्यातले आहेत म्हणून नाक मुरडू नका, पर्चची तुकडी आपल्या मुडदुशांसारखी बारीक आणि गोड. दक्षिणेत, मिसिसिपीकडे, मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश. त्याला तिथे कोणी फिश अँड चिप्स म्हणत नाही, पण तुमची भूक त्याच पदार्थाची असते.

"फ्रोझन" ऐकून उठून जाणं

बोटीवरच, पकडल्यापासून काही तासांत गोठवलेला मासा हा बर्फावर आठवडाभर फिरून "ताजा" म्हणून आलेल्या माशापेक्षा चांगला असतो. अलास्काच्या बोटी हेच करतात. फ्रोझन असेल तर विचारायचं ते हे, की बोटीवर गोठवला का, आणि पीठ इथेच लावता की तुकड्या तयार पीठ लावूनच येतात. कारखान्यात पीठ लावून आलेल्या तुकड्या ओळखू येतात: सगळ्या एकाच मापाच्या, कडा गुळगुळीत. हाताने बुडवलेल्या तुकडीला शेपट्या असतात, पिठाचे थेंब ओघळून कुरकुरीत झालेले. भज्यांना असतात तशाच.

तेल न विचारणं

ही गोष्ट आपल्यासाठी खास महत्त्वाची. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या दुकानांत गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे, आणि अमेरिकेतही काही ठिकाणी बीफ टॅलो, म्हणजे हीच चरबी, पुन्हा अभिमानाने वापरतात. मासे खाणारी पण बीफ न खाणारी माणसं आपल्यात कितीतरी. मावशी आली होती तेव्हा एका पबमध्ये मी सवयीने विचारलं, तर वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, मासा कनोला तेलात, बटाटे मात्र टॅलोमध्ये. मावशीने मासा आणि कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) खाल्लं, बटाट्याला हात लावला नाही. नंतर गाडीत म्हणाली, "तू विचारलंस म्हणून गं, नाहीतर मी सगळं खाल्लं असतं." तिचा आवाज मला अजून आठवतो.

"व्हेजिटेबल ऑइल" एवढ्यावरही थांबू नका. मॅकडॉनल्ड्सने १९९० साली टॅलो सोडून वनस्पती तेल घेतलं, पण फ्राइजमध्ये बीफचा अर्क राहिला. त्यावरून खटले झाले आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बरोबर कोणी शाकाहारी असेल, तर मासे आणि बटाटे एकाच फ्रायरमध्ये तळता का, हेही विचारा. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही. आणि बिअर चालत नसेल तर सोडा वॉटर घातलेलं पीठ आहे का, तेही.

मसाला शोधणं

इथे हळद-तिखट-आगळ माशाला लागत नाही. चव माशाची आणि मिठाची. हे कमी नाही, वेगळं आहे. पण मेजावरचं माल्ट व्हिनेगर, म्हणजे जवापासूनचा सिरका, बहुतेक जण ओळखतच नाहीत. तपकिरी बाटली असते, दिसली नाही तर मागून घ्या. गरम बटाट्यांवर आणि माशावर घासागणिक थोडं शिंपडायचं. त्याचा आंबटपणा तेलाला कापतो, आपल्याकडे सोलकढी करते ते काम. सगळं एकदम ओतलंत तर कवच भिजून बसतं. टार्टर सॉस (मेयोनीजचा आंबटसर सॉस) बाजूला ठेवून बुडवून खा.

ताट आल्यावर काय बघायचं

कवच पांढुरकं आणि बोटांना तेल लागतंय, म्हणजे तेल पुरेसं तापलं नव्हतं किंवा एका घाण्यात फार तुकड्या टाकल्या. तेल १८० ते १९० अंश सेल्सिअसला हवं. बाहेरून काळपट आणि आत कच्चं, म्हणजे आच जास्त किंवा तुकडी फार जाड. कवच सालीसारखं सुटून येतंय, तर मासा नीट टिपला नव्हता किंवा पिठात बुडवण्याआधी कोरडं पीठ भुरभुरवलं नाही. सगळ्याला एकच कडवट वास असेल तर तेल जुनं, तिथे दुसरी तुकडी मागवूनही उपयोग नाही. हॅलिबट चिवट, कोरडा लागला तर तो जास्त तळला गेलाय, कारण त्यात चरबी कमी.

आत कच्चं असेल किंवा अमोनियाचा वास असेल तर ताट परत पाठवा. आपण संकोचाने गिळतो. इथे हसतमुखाने सांगितलं तर बदलून देतात, कोणी वाईट मानत नाही.

डबा बंद करून घरी नेणं

समुद्रावरच्या छान ठिकाणाहून मी एकदा पार्सल घेतलं आणि ४० मिनिटांनी मोटेलच्या खोलीत उघडलं. कवच पार सादळलेलं, बटाटे लोळागोळा. मासा स्वतः पाण्याने भरलेला, तळल्यावरही त्यातून वाफ निघत राहते, आणि बंद डब्यात ती परत कवचातच शिरते. शक्य असेल तर तिथेच, बाकावर, गाडीच्या बॉनेटवर, उभ्याने खा. न्यायचंच असेल तर डब्याचं झाकण उघडं ठेवा, कोलस्लॉ वेगळं मागा, आणि घरी ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापवून जाळीवर आठ-दहा मिनिटं ठेवा. जाळी हवीच, ट्रेवर ठेवलं तर खालची बाजू ओली राहते. एअर फ्रायर असेल तर त्याहून कमी वेळ. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका.