स्वर्गारोहणाचा अर्थ कसा अभ्यासावा

येशूच्या स्वर्गारोहणाचा, म्हणजे मेलेल्यांतून उठल्यावर तो स्वर्गात घेतला गेला त्या घटनेचा, अर्थ समजून घेऊ इच्छिणाऱ्याने लूककृत शुभवर्तमानाचा शेवट (24:50-53) आणि प्रेषितांच्या कृत्यांचा आरंभ (1:1-11) हे दोन उतारे प्रथम शेजारी शेजारी ठेवून, शक्यतो मोठ्याने, वाचावेत. परंपरेनुसार दोन्हींचा लेखक एकच असला, तरी त्यांतील फरक पहिल्याच वाचनात जाणवतो. शुभवर्तमानात ही घटना पुनरुत्थानाच्या दिवसाला लागूनच घडल्यासारखी भासते, तर कृत्यांच्या पुस्तकात मध्ये 40 दिवस गेल्याचे स्पष्ट सांगितले आहे. एका ठिकाणी बेथानीचा आणि दुसऱ्या ठिकाणी जैतुनांच्या डोंगराचा उल्लेख येतो. पण बेथानी त्याच डोंगराच्या पूर्वेकडील उतारावर वसलेली असल्याने स्थळाचा पेच उरत नाही. काळाच्या फरकावरही अडून बसण्याचे कारण नाही, कारण लूकने एकच घटना आधी येशूच्या चरित्राचा समारोप म्हणून थोडक्यात आणि नंतर ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा प्रारंभ म्हणून सविस्तर सांगितली आहे.

यानंतर शुभवर्तमानातील एका तपशिलापाशी थांबावे. शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परतले, असे लूक लिहितो. ज्याच्यासाठी घरदार सोडले तो गुरू डोळ्यांआड झाल्यावर शोक व्हायला हवा होता. मग हा आनंद कशाचा? हा प्रश्न वहीत वर लिहून ठेवावा आणि पुढचे प्रत्येक वचन त्याच्या उत्तराच्या शोधात वाचावे. माझ्या मते स्वर्गारोहणाचा अभ्यास फसतो तो बहुधा येथेच: आपण येशू कसा वर गेला याचा विचार करत राहतो आणि तो कोणत्या पदावर गेला हे विचारायचे राहून जाते.

पदाचा विचार स्तोत्र 110 पासून सुरू करावा. ‘माझ्या उजवीकडे बैस’ हे त्यातील पहिल्या ओवीतले शब्द नव्या करारात वारंवार उद्धृत झाले आहेत; शिष्य पेत्र पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशीच्या, भाषणात तेच वापरतो, आणि ‘पित्याच्या उजवीकडे बसला आहे’ हे वाक्य मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीतही, आले आहे. उजवी बाजू म्हणजे आकाशातील एखादी जागा नव्हे, तर राजाच्या अधिकारात सहभाग. त्यासोबत दानीएल 7:13-14 वाचावे. तेथे मानवपुत्रासारखा कोणीएक मेघांसह येतो, परंतु तो पृथ्वीकडे न येता पुराणपुरुषाकडे, म्हणजे देवाकडे, जातो आणि त्याला राज्य दिले जाते. हे ध्यानात ठेवून कृत्ये 1:9 मधील मेघाकडे पाहिले म्हणजे तो केवळ दृष्टीआड करणारा पडदा राहत नाही. सीनाय पर्वतावर आणि डोंगरावर येशूचे रूप तेजस्वी झाले त्या रूपांतराच्या वेळी देवाच्या सान्निध्याची खूण ठरलेला मेघच येथे पुन्हा दिसतो.

दुसरा धागा याजकपणाचा आहे, आणि त्यावर अधिक वेळ द्यावा, कारण तोच बहुतेक वेळा सुटतो. येशूने हात उचलून शिष्यांना आशीर्वाद दिला आणि आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला, असे लूक सांगतो. लेवीय 9:22 मध्ये महायाजक अहरोन अर्पणानंतर लोकांकडे हात उचलून असाच आशीर्वाद देतो. आता लूकच्या पहिल्या अध्यायाकडे परत जावे: जखऱ्या याजक मंदिरातून बाहेर येतो, लोक ताटकळत उभे असतात, पण त्याला बोलताच येत नाही. ज्या शुभवर्तमानाच्या आरंभी याजकाची वाणी बंद पडते, त्याच्या अखेरीस आशीर्वाद उच्चारला जातो, आणि तो पूर्ण होऊन हात खाली आल्याचा उल्लेख कोठेही नाही.

हीच गोष्ट इब्री लोकांस लिहिलेले पत्र उलगडून सांगते. महायाजक वर्षातून एकदा अर्पणाचे रक्त घेऊन परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, जाई. ख्रिस्त मात्र हातांनी बांधलेल्या पवित्रस्थानात नव्हे, तर प्रत्यक्ष स्वर्गात आपल्यासाठी देवासमोर उभा राहण्यास गेला (9:24), आणि आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास तो सर्वदा जिवंत आहे (7:25). येथे ख्रिस्ती विश्वासातील एक अत्यंत महत्त्वाची बाब येते. पुनरुत्थित येशूच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि तो त्याच देहासह वर घेतला गेला. म्हणजे देवाच्या पुत्राने धारण केलेले मनुष्यत्व त्याने परत जाताना टाकून दिले नाही. ज्याला भूक, थकवा आणि मरण ठाऊक आहे, तोच पित्याजवळ आपल्यासाठी बोलतो.

मग तो दूर गेला काय, ही शंका साहजिक आहे. तिच्यासाठी योहान 16:7 आणि मत्तय 28:20 एकत्र वाचावे. पहिल्या वचनात आपले जाणे शिष्यांच्या हिताचे आहे, कारण त्यानंतरच कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, येईल, असे येशू सांगतो. दुसऱ्यात युगाच्या समाप्तीपर्यंत बरोबर राहण्याचे वचन देतो. एका वेळी एका गावात असणारा येशू आता पवित्र आत्म्याद्वारे सर्व ठिकाणच्या आपल्या लोकांजवळ असतो. कृत्ये 7:55-56 मध्ये दगडमार होण्याच्या क्षणी पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला तो देवाच्या उजवीकडे उभा असलेला दिसतो, हा दाखला येथे जरूर घ्यावा.

या अभ्यासाला स्वर्गारोहणाचा सण ही योग्य वेळ आहे. ईस्टरचा रविवार धरून 40वा दिवस गुरुवारी येतो आणि तेथून पेन्टेकॉस्ट 10 दिवसांवर असतो. काही मंडळ्या हा सण पुढच्या रविवारी पाळतात. त्या 10 दिवसांत कृत्ये 1:12-26 हा उर्वरित भाग सावकाश वाचावा. आकाशाकडे पाहत का उभे राहिलात, असे शुभ्र वस्त्रांतील दोघांनी विचारल्यावर शिष्य शहरात परततात, माडीवर एकचित्ताने प्रार्थनेत टिकून राहतात, आणि सुमारे 120 जणांच्या समुदायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड होते. राजाने सोपवलेले साक्षीचे काम सुरू करण्याची ही तयारी आहे, आणि वहीत लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच प्रकाशात आपल्या शब्दांत लिहून काढावे.